खाली पडलेला फासा

१६ फेब्रुवारी

चिंगे,

फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस आणि मेसेज तर उघडतच नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. आतेभावाचं अक्षर ओळखतेस ना अजून? पन्नाशीच्या बाईला चिंगी म्हटलेलं आवडत नसेल तर चालवून घे. तुझं दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

बातमी अशी, की आपला खोका सापडला! दुकानाच्या मागच्या खोलीतला माळा आवरायला काढला होता. बाबांच्या वेळच्या चष्म्यांच्या फ्रेमा, भिंगं घासायची गंजलेली चाकं, आणि सगळ्यांत तळाशी आपला खोका. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, आत घरही केलं होतं, पण माल शाबूत आहे. चौकटींच्या कागदावरचे नकाशे आहेत. फुटक्या भिंगांचे तुकडे आहेत, ज्यांना आपण सैनिक म्हणायचो. आणि तो निळा, वीस बाजूंचा फासा! हातात घेतला आणि खरं सांगतो, घशात आवंढा आला.

दर शनिवारी दुकान बंद झालं की आपण चौघं त्या खोलीत. नजर तपासायचा पुठ्ठ्याचा फळा मी आडवा उभा करायचो आणि त्याच्यामागे बसून गोष्ट सांगायचो. तुम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचात. कुठे अडलं की फासा निवाडा करायचा. नियमांचं पुस्तक माझं, म्हणून मी मालक. तू वैदू, जखमा बांधणारी. ठेंगू सहा फुटांचा असून बुटका लढवय्या झाला होता. आणि आपला चेटक्या! एरवी तोंडातून शब्द फुटायला पाच मिनिटं लागायची, आणि जादूगाराची टोपी घातली की कसा घडाघडा बोलायचा! ते आपलं राज्य होतं, चिंगे. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

तर मी ठरवलंय. २३ मार्चला, रविवारी, त्याच खोलीत सगळ्यांनी जमायचं. ठेंगू येतोय. आणि ऐक, चेटक्यासुद्धा! मागच्या महिन्यात दुकानात वाचायचा चष्मा करायला आला. मी ओळखलं, त्यानेही ओळखलं. लिफ्टदुरुस्तीचं काम करतो म्हणे. बोलणं अजून तसंच, बोटाने फ्रेम दाखवून काम भागवलं. मी आमंत्रण दिलं तर मान डोलावली.

त्या दिवशी आपण तो प्रसंग पुन्हा करून दाखवू. पुलावरचा चेटक्याचा मृत्यू! फासा टेबलावरून खाली पडला, एक आला आणि त्याचा खेळ खलास. त्यानंतर ‘मेलेला बोलत नाही’ हा आपला नियम पाळत सहा शनिवार तो भिंतीकडच्या खुर्चीवर गप्प बसून राहिला. काय निष्ठा! मी त्याची नक्कल बसवतोय, अडखळणं धरून. ठेंगूला फोनवर करून दाखवली, तो हसून हसून लोळला.

ये गं. वैदूशिवाय कसं चालेल?

तुझा,
मालक (उर्फ दादा)


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्यासमोर सोळा बाटल्या होत्या. अख्ख्या शहराचं सांडपाणी. मी काय काम करते हे तू लोकांना सांगताना ‘पाण्याच्या खात्यात’ एवढंच सांगतोस, ते मला माहीत आहे. तर नीट ऐक. आमच्या केंद्रावर पाणी आत येतं तिथे जाळ्या आहेत. त्यांत अडकलेलं दाताळ्याने ओढून काढतात: केसांचे गुंते, पुसायचे ओले कागद, तेलातुपाचे गोळे, एकदा तर कुणाची तरी कवळी. मी त्यातल्या पाण्याचे नमुने घेते, रंग बघते, वास लिहून ठेवते. सव्वीस वर्षांत मला एकदाही ओकारी आली नाही. तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर आली.

राज्य म्हणे! दादा, त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंगं घासल्याचा राखाडी चिखल मोरीत साचलेला असायचा आणि त्याला ओल्या खडूसारखा वास यायचा. पायमोजे काढून बसायचं ही तुमची हौस. ठेंगू नाकात बोट घालायचा आणि जे निघेल ते खुर्चीच्या बुडाला चिकटवायचा. मी एकदा हात खाली घातला तेव्हा मला कळलं. पाणी प्यायला चौघांत एक पेला. मी तो फडक्याने पुसून घेतला की तुम्ही तिघं मला राणीसाहेब म्हणायचात. तू हे सगळं विसरलास आणि आवंढा मात्र लक्षात ठेवलास. हे असं जुनं चघळत बसणं मला चहावर धरलेल्या सायीसारखं वाटतं. लोक ती बोटाने उचलून खातात, मला बघवत नाही.

आणि उंदराने घर केलेला खोका तू हाताने उपसलास? हात धुतलेस तरी का?

आता नकलेचं. करू नकोस. त्याच्यासमोर नाही आणि त्याच्या पाठीमागेही नाही. पन्नास वर्षांचा माणूस दोन शब्द बोलायला नको म्हणून बोटाने फ्रेम दाखवतो, आणि तुला त्यात करमणूक दिसते. ठेंगू लोळला याचं मला नवल नाही. तो पहिल्यापासून लोळण्यातलाच. पण तुझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक होतं ते. आत्याला कळलं असतं तर तिने तुझा कान पिळला असता.

आणि एक विचारते. त्या दिवशी फाशावर एक आला असं तू लिहितोस. नक्की आठवतं तुला?

मी येणार नाही.

चिंगी


२६ फेब्रुवारी

चिंगे,

अगं, किती तोडून बोलशील! एक साधं आमंत्रण पाठवलं तर तू माझ्या मोरीपर्यंत पोचलीस. हात धुतले. दोनदा. बास?

तुझा राग कशाचा आहे ते मी ओळखून आहे. चेटक्याचं तुझ्यावर मन होतं. पुलाच्या त्या शनिवारी गोष्टीतल्या मनोऱ्याच्या दारावर त्याने जे भाषण ठोकलं, ते पहारेकऱ्यासाठी नव्हतंच, तुझ्यासाठी होतं. आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. पोरवयात असं होतं. तू लाजलीस, आणि अजून लाजतेस. म्हणून तुला तो समोर नको आहे. यात किळस वाटण्यासारखं काय आहे?

नकलेचं म्हणशील तर ती प्रेमाने केलेली आहे. ज्यावर जीव असतो त्याचीच माणूस नक्कल करतो. तरी तुला टोचत असेल तर अडखळणं थोडं कमी करीन.

आणि त्या फाशाबद्दल मनात काही असेल तर सरळ काढून टाक. मी मुद्दाम बाबांची जुनी कार्डं काढून बघितली. त्याच महिन्यात तुझी नजर तपासली होती. वजा दोन! फळ्यावरची अक्षरं दर शनिवारी समोर बघून तुझी पाठ झाली होती, त्यामुळे आधीच्या तपासणीत तू धडाधड वाचलीस आणि बाबा फसले. म्हणजे त्या दिवशी तुझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि नंबर होता. टेबलाखाली अंधार. तू वाचण्यात चुकली असशील तरी तो दोष तुझा नाही. खाली पडलेला फासा जवळच्याने वाचायचा, हा नियमच मुळात मूर्खपणाचा होता.

तेव्हा झालं गेलं सोड. ये. तुझ्यासाठी नवा पेला आणून ठेवतो.

दादा


३ मार्च

दादा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मी फक्त विचारलं होतं, नक्की आठवतं का. फासा मी वाचला होता, हे मी लिहिलं नव्हतं. मी चुकीचा वाचला असेन, असं तर मुळीच लिहिलं नव्हतं. विचारायच्या आधीच तू माझा वकील होऊन उभा राहिलास, आणि कार्डसुद्धा शोधून ठेवलंस!

आणि काय ते कार्ड. वजा दोन म्हणजे लांबचं दिसत नाही, जवळचं लख्ख दिसतं. हे मी प्रयोगशाळेतली बाई तुला सांगू? जन्म गेला तुझा त्या दुकानात. ‘तिला दिसत नव्हतं’ हे चष्मेवाल्याने लिहावं, आणि तेही जमिनीवर वीतभर अंतरावर पडलेल्या फाशाबद्दल! खोटं बोलायचं तर निदान दुसऱ्याच्या धंद्यातलं बोल.

आता मी सांगते. लाजले वगैरे काही नव्हतं.

त्या शनिवारी त्याने मनोऱ्याच्या दारावर तोंड उघडलं आणि दहा मिनिटं तो एकदाही अडला नाही. पहारेकऱ्याला त्याने त्याच्या लहानपणाची आठवण करून दिली, आईच्या हाकेची करून दिली, आणि ते दार आपोआप उघडलं. मी ऐकत होते. मला ते आवडत होतं, हेही लिहून टाकते. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याच आवाजात म्हणाला, ‘वैदूबाई, पूल ओलांडून परत आलो तर तुमच्या शेजारी घर बांधीन.’ आणि बोलताना त्याची थुंकी माझ्या ओठावर उडाली.

नेहमी उडायची. हातावर, कागदावर. मी टेबलाखाली रुमालाने पुसायची. पण त्या दिवशी ओठावर. सतरा वर्षांची होते मी. मला वाटलं, हा यापुढे दर शनिवारी माझ्याकडे बघत असंच बोलणार. तेवढ्यात तू म्हणालास, पूल डुगडुगतोय, दहाच्या वर आला तर जगेल. त्याने फासा टाकला. तो घरंगळत माझ्या खुर्चीखाली गेला. मी वाकले.

वीस होता, दादा. वीस. वरचा आकडा माझ्याकडे तोंड करून होता.

मी म्हणाले, ‘एक.’

ओठ अजून ओला होता. तेवढ्यासाठी मी हे केलं. शहराची घाण बघून मला काही होत नाही म्हणून केंद्रावरचे लोक माझं कौतुक करतात. त्यांना काय सांगू? मला खरी किळस एकदाच आली होती, एका पोराच्या बोलण्याची, आणि तेव्हापासून जी येते ती स्वतःची.

पण नियम तू अर्धाच लिहिलास. पुढचा अर्धा मी लिहिते. जवळच्याने वाचायचा, उचलायचा नाही, मालकाने वाकून खात्री करायची. तू फळ्यामागून उठून आलास. माझ्याशेजारी गुडघ्यावर बसलास. तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला. फासा जागचा हलला नव्हता.

तू बघितलंस आणि उठून म्हणालास, ‘एकच.’

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की अंधार होता, दादाने नीट बघितलं नसेल, माझ्यावर विश्वास ठेवला असेल. परवाच्या तुझ्या पत्राने तेवढंही ठेवलं नाही. तुला दिसलं होतं. माझं ठीक, माझ्या ओठावर थुंकी होती. तुझं काय होतं?

चिंगी


११ मार्च

चिंगे,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसलो. दुकानात गिऱ्हाईक आलं की बरं वाटायचं.

हो. वीस होता.

तू माझ्या मामाची मुलगी. दर शनिवारी तुला घरून माझ्या भरवशावर पाठवायचे. मी वाकलो, फासा बघितला, मग तुझं तोंड बघितलं. पांढरंफटक पडलं होतं. सगळ्यांदेखत तुला खोटं पाडू? त्या क्षणी जे सुचलं ते बोललो. भाऊ म्हणून बोललो, असं मी आजपर्यंत समजत होतो.

पण तुझ्या शेवटच्या प्रश्नाने पंचाईत केली. रात्रंदिवस खपून ती गोष्ट मी रचली होती. नकाशे माझे, मनोरा माझा, पहारेकरीसुद्धा माझा. त्याला मी मुद्दाम असा केला होता की कुणाच्याने ते दार उघडू नये. आणि तो तोतरा पोरगा दहा मिनिटांत ते बोलून उघडतो. ठेंगू तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघतोय, तू बघतेयस, फळ्याकडे कुणाचं लक्ष नाही. मला त्याचा राग आला. तू ‘एक’ म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं. मग सहा शनिवार तो त्या खुर्चीवर बसला. नियम माझाच होता, मला तो कधीही मोडता आला असता. ‘चल रे, नवा माणूस घे’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. मला ते बघायला आवडत होतं. लिहिताना आता पेनसुद्धा चिकट वाटतंय.

नक्कल रद्द. तो प्रसंगही रद्द. चहा घेऊ, नकाशे बघू आणि घरी जाऊ.

फक्त एक ऐक माझं. त्याला यातलं काही सांगू नकोस. त्याला एवढंच माहीत आहे की फासा वाईट पडला. कुणी त्याचं वाईट केलं असं त्याच्या डोक्यात नाही. दुकानात आला तेव्हा माझ्याकडे बघून हसला, चिंगे. तेवढं राहू दे. हवं तर तू येऊ नकोस. मी सांभाळून घेईन.

दादा


१३ मार्च

दादा,

तू सांभाळून घेशील याची मला खात्री आहे. तेव्हाही घेतलं होतंस.

उशीर झाला. मी त्याला ३ तारखेलाच लिहिलं. पत्ता ठेंगूकडून घेतला. तुझं पाकीट आणि त्याचं पाकीट एकाच पेटीत एकापाठोपाठ टाकलं. सगळं लिहिलंय, वीस, रुमाल, तुझं वाकणं. तू काय बघितलंस ते मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं, म्हणून ‘दादानेही बघितलं असणार’ असं लिहिलं. शेवटी माफी मागितली.

पत्र टाकून घरी आले तेव्हा इतकं हलकं वाटलं की मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. सकाळी उठले तर त्या हलकेपणाचीच शिसारी आली. आमच्याकडे काही कारखाने असंच करतात. त्यांच्या टाकीत घाण मावेनाशी झाली की गुपचूप नाल्यात सोडून देतात. त्यांची टाकी स्वच्छ होते. खाली कोण राहतं ते त्यांना बघावं लागत नाही.

दहा दिवस झाले, त्याचं उत्तर नाही. आता मला भीती वाटते.

चिंगी


१८ मार्च

चिंगी आणि मालक,

दोघांना एकच पत्र लिहितो आणि त्याची प्रत काढून पाठवतो. तुम्ही दोघांनी मिळून एकच आकडा सांगितला होता, तेव्हा दोन वेगळी पत्रं लिहिण्यात अर्थ नाही. अहो-जाहो करावं की नाही यावर पहिला कागद फुकट गेला. शेवटी ठरवलं, ज्यांच्याबरोबर एका पेल्याने पाणी प्यालो त्यांना अरे-तुरेच करावं.

चिंगे, तुझं पत्र मी एका इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत वाचलं. लिफ्ट मधेच अडकली होती, आत माणूस नव्हता, त्यामुळे वेळ होता. हे काम मी का धरलं माहीत आहे? खोलीत यंत्र असतं, मी असतो. दोघांनाही बोलावं लागत नाही.

तू माफी मागितली आहेस. मागून तुला बरं वाटलं असेल. मला काय वाटलं ते सांगतो. तो एक आकडा मी मनापासून मानला होता. फासा आंधळा असतो, त्याला मी कोण, कसा बोलतो हे दिसत नाही, त्याने मारलं यात अपमान कसला? पुढे जिथे जिथे माझं बोलणं ऐकून समोरच्याने घड्याळ बघितलं, तिथे तिथे मी मनात म्हणायचो, फासा वाईट पडला, चालायचंच. इतकी वर्षं त्यावर काढली. तू चार पानांत ते काढून घेतलंस. म्हणजे फासा चांगला पडला होता. माणसं वाईट पडली. आता हे मी कुठे ठेवू?

तुझ्या पत्रात मला सगळ्यांत जास्त रुमाल लागला. टेबलाखाली तू हात पुसायचीस ते मला दिसायचं. मला वाटायचं, मी बोलायला लागलो की हिच्या तळहाताला घाम येतो, ही लाजते. त्या समजुतीवर तर मी शेजारी घर बांधायचं बोललो होतो. हसू नकोस. मालक, तूही हसू नकोस. ठेंगूला मात्र सांग, त्याला लोळायला आवडतं. तुझ्या नकलेचं त्याने मला फोन करून हौसेने सांगितलं. माझा आवाज काढून सांगितलं.

सहा शनिवार मी त्या खुर्चीवर का बसलो, हे कुणी विचारलं नाही. निष्ठा वगैरे नाही. पुलाच्या पलीकडे गेल्यावर चेटक्या काय बोलणार, ते माझ्याकडे सगळं तयार होतं. आठवडाभर पाठ केलं होतं. मला वाटत होतं, मालक कधीतरी म्हणेल, बोल. मी तिथे बसून मनात बोलत होतो. सातव्या शनिवारी दुकानाच्या दारापर्यंत आलो. आत तुम्ही हसत होतात. ते ऐकून परत गेलो.

आता हिशेब सोपा आहे. दहाच्या वर हवे होते, वीस पडले. म्हणजे चेटक्या पूल ओलांडून गेला. तो मेलाच नाही. मग ‘मेलेला बोलत नाही’ हा नियम त्याला लागूच नव्हता. मी उगाच गप्प बसलो.

मी २३ तारखेला येतोय. चहाला नाही, नकाशे बघायलाही नाही. माझा खेळ जिथे थांबला तिथून सुरू करायचा. मालक, फळा उभा कर आणि मागे बस. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेव. माझं वाक्य तू पुरं करायचं नाहीस, ठेंगूनेही नाही. चेटक्याचा तो घडाघडा आवाज आता मला येत नाही, प्रयत्न करून बघितला. जो आहे तो माझाच आहे. पलीकडे गेल्यावर काय म्हणायचं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा दहा मिनिटांत झालं असतं, आता दोन तास लागतील. लागू देत.

चिंगे, तू येणार नाहीस असं मालकाला लिहिलं होतंस म्हणे. यायचं आहे. माझ्या समोरच्या खुर्चीवर बस, पूर्वी बसायचीस तिथेच. बोलताना माझी थुंकी अजून उडते. रुमाल आणू नकोस.

चेटक्या